मडमीचं झाड

अख्ख्या कोल्हापुरात झाडाला औषधाच्या बाटलीतून खुणा मोजून पाणी पाजणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. ही तक्रार समजू नये. लोकांचे सासरे पत्ते कुटतात, राजकारणावर घसा कोरडा करतात, जावयाच्या नोकरीत नाक खुपसतात. माझ्या सासऱ्यांनी यातलं एकही कधी केलं नाही. त्यांना वेळच नव्हता. तीस वर्षं ते दवाखान्यात कंपाउंडर होते आणि तेवढ्या काळात जगाकडे बघण्याची एक पद्धत त्यांनी कायमची ठरवून टाकली होती. जगात जे जे जिवंत आहे ते ते पेशंट आहे; काहींना अजून ते कळलेलं नाही, इतकंच. पाहुण्यांना ताक वाढताना ते "हलवून घ्या" म्हणत. दूधवाल्याला उशीर झाला की "आज डोस चुकला" म्हणत. आमच्या लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकाला भटजींचा आवाज बसला, तेव्हा मुठीत अक्षता धरलेलं सगळं वऱ्हाड ताटकळत ठेवून वधूपिता भटजींना "आ करा" म्हणत त्यांच्या घशात टॉर्च मारत होते. खिशातून खडीसाखर आणि कसली तरी काळी गोळी निघाली, ती भटजींनी चघळली आणि मगच माझं लग्न पुढे सरकलं. उरलेली मंगलाष्टकं भटजींनी इतक्या खड्या आवाजात म्हटली, की मांडवात तीन-चार लोकांनी मामांना त्या गोळीचं नाव विचारून घेतलं.

मी त्यांना मामा म्हणत असे. माझी बायको सुमन त्यांना आबा म्हणायची. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली, आणि त्यानंतर मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत बाप आणि लेक एवढंच कुटुंब होतं. पुढे त्यात तिसरी एकजण आली. मामा ज्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली शिकले होते, त्या बाई स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्षभराने मायदेशी परत निघाल्या. निघताना त्यांनी आपलं सामान नोकरमाणसांत वाटून टाकलं. मामांना त्या भिंतीवरचं मोठं घड्याळ देत होत्या. मामांनी घड्याळ नको म्हणून सांगितलं आणि खिडकीतली कुंडी मागितली. त्या कुंडीत लेमन व्हर्बिना नावाचं हातभर उंचीचं एक झुडूप होतं. बाई रोज संध्याकाळी त्याची चार पानं उकळत्या पाण्यात टाकून ते पाणी प्यायच्या. कुंडी देताना बाईंनी आपल्या मराठीत तीन सूचना दिल्या: ऊन पुष्कळ, पाणी थोडं, आणि रोज हात लावायचा. मामांनी त्या औषधाच्या लेबलावर लिहून कुंडीला चिकटवल्या. पेठेच्या तोंडी ते इंग्रजी नाव बसणं शक्य नव्हतं. शेजारणी त्याला मडमीचं झाड म्हणू लागल्या. मामा मात्र अदबीने नुसतं 'मॅडम' म्हणत.

दिसायला ते झाड अगदीच साधं होतं. लांबट, खरखरीत, फिकट हिरवी पानं, एकेका पेराला तीन-तीन. फुलं इतकी बारीक आणि पांढुरकी, की ती आली आहेत हे मामांनी दाखवावं तेव्हा दिसत. पण पानाला नुसतं बोट लागलं, की असा काही स्वच्छ, हलका, लिंबासारखा वास सुटायचा की चिडलेल्या माणसाने भांडण अर्धवट सोडून विचारावं, कसला वास येतोय हो? त्या पानांच्या चहाला मामा चहा म्हणत नसत, 'मिक्श्चर' म्हणत. शेजारच्या एका बाईंनी एकदा सरळ सांगितलं, "एवढी कशाला ती देवपूजा? गवती चहा लावा की. उकिरड्यावर सुदीक येतोय." मामा आठ दिवस त्या बाईंशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांच्या मुलाला खोकला झाला म्हणून बोलावं लागलं, पण बाटली हातात देताना त्यांनी म्हटलंच, "वैनी, गवती चहा आन् हिच्यात काय फरक हाय ते पोराचा खोकला बरा झाल्यावर सांगतो."

झाडाची निगा अर्थातच दवाखान्याच्या शिस्तीने चाले. औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे. सकाळी दोन खुणा पाणी, उन्हाळ्यात संध्याकाळी आणखी एक. पानांखाली पांढरी माशी बसली की ते कापसाच्या बोळ्याने एकेक पान पुसत आणि पुसताना तोंडाने "झालं, झालं" असं लहान मुलाला इंजेक्शन देताना म्हणतात तसं म्हणत. झाड डेरेदार व्हायचं तर शेंडे खुडावे लागतात. तेवढं एक काम त्यांच्याने होत नसे. कात्री स्पिरिटने पुसून ते कुंडीसमोर उभे राहत, इंग्रजीत "सॉरी, मॅडम" म्हणत आणि मग तोंड फिरवून शेंडा कापत. कुंडी दारातल्या कट्ट्यावर असे. तिथून तालमीत जाणाऱ्या एका पैलवानाने थंडाईत टाकायला म्हणून मूठभर पानं ओरबाडली, तेव्हा हा पाच फुटी माणूस वहाणा न घालता त्याच्या मागे तालमीपर्यंत गेला. "तुझ्या मानंवरलं गळू कुणी कापलंतं?" एवढंच त्यांनी विचारलं. पैलवान खाली मान घालून उभा राहिला. पुढे कित्येक दिवस तो जाता-येता कट्ट्यावरच्या कुंडीला रामराम घालायचा.

कोल्हापूरचा पाऊस मात्र त्या मडमेला अजिबात मानवत नसे. मुळाशी पाणी साचलं की झाड कुजलंच म्हणून समजा. आषाढात मामा कुंडी आत घेत, आणि दिवसातून कधी घटकाभर ऊन पडलं तर ते तिला मिळालंच पाहिजे म्हणून दवाखान्यातून सायकल मारत घरी येत. बाईंच्या जागी आलेले डॉक्टर तरुण होते. "केस सिरियस हाय, घरला जाऊन येतो," असं दिवसातून दोनदा ऐकल्यावर त्यांनी काळजीने विचारलं, घरी आजारी कोण आहे? मामा म्हणाले, "परदेशी पाव्हणी हाय. तिला आपला पाऊस सोसत न्हाय." दुसऱ्या दिवशी डॉक्टर बॅग घेऊन न सांगता घरी आले. मामा कट्ट्यावर एका हातात छत्री धरून ऊन परत यायची वाट बघत उभे होते आणि छत्रीखाली कुंडी होती. स्वतः मामा पावसात. डॉक्टरांनी पेशंट तपासला, एक पान चोळून नाकाशी धरलं आणि त्या दिवशी ते मिक्श्चरचे दोन कप घेऊनच परत गेले. तेव्हापासून डॉक्टरच आभाळ उघडलं की म्हणत, जाऊन या.

माझं लग्नही त्या झाडानेच ठरवलं. मी गडहिंग्लजच्या शाळेत मास्तर, आईवडील नाहीत, चुलत्यांबरोबर मुलगी बघायला गेलेलो. पोहे झाले, नाव-गाव झालं, आणि मामांनी एक पान चोळून माझ्या नाकाखाली धरलं. डोळे मिटायला लावले. ही परीक्षा ते घरी येणाऱ्या प्रत्येकाची घेत. बहुतेक लोक "लिंबू" म्हणत; मग मामा म्हणत, "लिंबू न्हवं. लिंबाच्या मागं काय हाय ते सांगा." कुणी केवडा म्हणे, कुणी संत्र्याची साल, एका वकिलांनी तर मामांना खूष करायला स्वर्ग म्हणून टाकलं होतं. मला त्या दिवशी सडकून पडसं झालं होतं. मी डोळे मिटूनच म्हणालो, "मला काही कळत नाही. नाक बंद आहे." चुलत्यांनी कपाळाला हात लावला. पण मामांचा चेहरा उजळला. "आजवर शंभर जणांनी वास घेतला," ते चुलत्यांना म्हणाले, "न्हाय कळत म्हणणारा ह्यो पयलाच. पोरगी द्यायला हरकत न्हाय." वर त्यांनी मला तीन दिवसांचं औषध बांधून दिलं. इतक्या आनंदाने सर्दी मी पुन्हा कधी मिरवली नाही.

लग्नानंतर सुमन माझ्याबरोबर गडहिंग्लजला आली आणि मामांच्या आयुष्यात एक अशी अडचण उभी राहिली, जिच्यावर दवाखान्यात औषध नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. पुष्कळजण ती पाळत, काहीजण पळवाट काढत. मामा रीत म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी समजत. लिहिलंय तसंच द्यायचं. शिवाय लेकीच्या घरी काही कारण नसताना बापाने सारखं जाणंही बरं दिसत नाही. चाळीस मैलांवर लेक, आणि बापाला जायला निमित्त नाही. "मला तुझी आठवण येते" हे वाक्य त्यांना मराठीत येत नव्हतं. त्यांनी निमित्त तयार केलं. मॅडमची एक फांदी आमच्या अंगणात लावायची आणि दर महिन्याला तिला तपासायला यायचं, असं त्यांनी ठरवलं. मला पोस्टकार्डाने कळवलं, 'पेशंट घेऊन येत आहे. वाळू तयार ठेवावी.'

पहिल्या खेपेला ते एस्. टी. तून उतरले तेव्हा मांडीवर बँडेजच्या ओल्या कापसात गुंडाळलेली वीतभर कोवळी फांदी होती आणि पिशवीत पाण्याची बाटली. बाटलीवर कागदी पट्टी: जाताना चार खुणा, तिथं चार, येताना चार. उन्हातून आलेला माणूस आमच्या ओसरीवर बसून आपल्या बाटलीतलं कोमट पाणी मोजून प्यायला. आमचा माठ चार हातांवर होता. जेवण म्हणून त्यांनी स्टँडवर बसून घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. फांदी मात्र त्यांनी फार हौसेने लावली. खालची पानं काढली, पेराच्या खाली तिरका छेद घेतला, अर्धी वाळू अर्धी माती केली, वर गोळ्या-बिस्किटांची काचेची बरणी पालथी घातली. जाताना सुमनला म्हणाले, "ही तुला दिलेली न्हाय बरं का. हितं अॅडमिट केलीया."

तो पेशंट आठ दिवसही टिकला नाही. शेजारच्या आक्कांची शेळी आत शिरली, तिने बरणी लवंडली आणि फांदी खाल्ली. आक्का गरीब स्वभावाच्या, कानडी वळणाने मराठी बोलणाऱ्या. त्या रडवेल्या होऊन तीनदा माफी मागून गेल्या. मामा आले तेव्हा त्यांनी आधी शेळीचं पोट दाबून बघितलं आणि आक्कांना विचारलं, "हिला काय त्रास न्हाय न्हवं झाला?" दुसरी फांदी सुमनने मारली. बापाची वस्तू म्हणून ती येता-जाता पाणी घालायची, आणि महिन्याने मामांनी उपटून बघितलं तर खाली काळा चिखल. "तहानेनं मरत्यात ती झाडं वायली," ते म्हणाले, "हिला मायेनं मारलंय." तिसरी उन्हाळ्यात बरणीखाली उकडून गेली, त्या गुन्ह्यात मी होतो, कारण सुट्टीत बरणीवर सावली धरायचं माझ्याकडे होतं आणि मी चुलत्यांकडे जाऊन बसलो. प्रत्येक वेळी मामा "बघू या" म्हणत, दोन दिवसांत नवी फांदी घेऊन हजर होत आणि दर खेपेला त्या बाटलीतलं पाणी पीत. चौथी जगली. तिला टोकाला दोन हिरवे ठिपके फुटले तेव्हा मामांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मी बाप झालो असतो तरी त्यांनी याहून निराळं काही केलं नसतं, असं मला तेव्हा वाटून गेलं आणि मी ते बोलून दाखवलं नाही.

वर्षभरात झाड गुडघ्याला लागलं. एका रविवारी मामांनी मला अंगणात बाजूला घेतलं. "जावईबापू, तुमी मास्तर हाय. एक सांगा. झाड माझं का तुमचं?"

"तुमचंच. तुम्ही अॅडमिट केलंय."

"मग पानं माझी. पाणी मी आणलंय. साखर हाय पुडीत. पातेलं बी आणलंय. आता हेच्यात लेकीच्या घरचं काय ऱ्हायलं?"

मी बराच विचार करून म्हणालो, "चुलीतला विस्तव."

मामांचा चेहरा पडला, पण घटकाभरच. त्यांनी आक्कांच्या घरून पळीभर निखारे आणवले आणि अंगणातच तीन दगड मांडले. आता फक्त चहा करणारी तेवढी लेक उरली. तिचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "करणारीचा हात मापात धरत न्हाईत." सुमनने चहा केला. मामांनी डोळे मिटून पहिला घोट घेतला, तो बराच वेळ तोंडात ठेवला आणि म्हणाले, "बाईंच्या हातचा बी असा न्हवता." वर्ष-दीड वर्षं या माणसाने चार वेळा फांद्या आणल्या, वाळू चाळली, शेळी तपासली, ते या एका कपासाठी; लेकीच्या घरी बसून, रीत न मोडता, तिच्या हातचं काहीतरी प्यायला मिळावं म्हणून. मला हसू आवरेना. मी पोट धरून हसलो. सुमनने भांडी उचलली आणि आत गेली. ती हसली नव्हती हे माझ्या लक्षात यायला फार दिवस लागले. पुरुष मास्तर असला तरी घरातलं त्याला उशिरा कळतं.

आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली. हळदीकुंकवाला गेलं की बायका ओटी भरताना सुमनकडे बघून आवाज खाली आणत. बेळगावच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा त्यांनी फार फिरवून न बोलता सांगितलं, की आशा धरू नका. परतीच्या मोटारीत सुमन खिडकीबाहेर बघत होती. निम्मी वाट सरल्यावर म्हणाली, "आबांना सांगू नका. ते औषध शोधायला लागतील." मी सांगितलं नाही. मामा दर महिन्याला येत राहिले. ते कधी एका शब्दाने काही विचारत नसत. पण ओसरीवर बसून त्यांनी पिशवीतून ती बाटली काढली, की विचारल्यासारखंच होई. आणि सुमन दरवेळी काहीतरी काम काढून आत जाई. मला हे दिसत होतं. मामांना दिसत नव्हतं. लोकांची जीभ बघून पोटातलं सांगणारा हा माणूस, त्याला आपल्या लेकीच्या चेहऱ्यावरचं वाचता येत नव्हतं, याचा मला त्या दिवसांत राग यायचा. खरं सांगायचं तर मला तो अजूनही थोडासा येतो.

त्या वर्षी पौषात थंडी कडक पडली. झाडाची पानं आधी पिवळी झाली, मग कुरकुरीत होऊन गळाली, आणि आठ दिवसांत अंगणात नुसत्या काटक्या उभ्या राहिल्या. आक्का कुंपणावरून म्हणाल्या, "सुमनक्का, तुझं गिड वाळलं की गं. उपट आन् तिथं मिरच्या लाव." आम्हालाही ते मेलंच असं वाटलं. सुमनने वडिलांना कार्ड टाकलं, 'झाड गेले. तुम्ही त्रास घेऊन येऊ नये.' तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने मामा हजर. कानाला मफलर तसाच, डोळे लाल. ते थेट झाडापाशी जाऊन बसले. अंगठ्याच्या नखाने त्यांनी एका काटकीची साल जराशी खरवडली. खाली हिरवं होतं. दुसरी खरवडली. तीही हिरवी.

मामा मागच्या मागे टेकून बसले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. मग एकदम त्यांच्या जिवात जीव आला आणि ते कुंपणापलीकडच्या आक्कांना सांगू लागले, "कोण म्हणालं मेलंय? झोपलंय ते. थंडी सोसत न्हाय त्याला. फागुनात बगा कसं फुटतंय." आक्का म्हणाल्या, "पर एवढी वर्सं झाली, फळ न्हाय, बी न्हाय, काय कामाचं वो ते?" मामा तिथे भडकले. "न्हाय येत फळ. आपल्या हवेत बी धरत न्हाय ते, बाईंनी मला पयल्याच दिवशी सांगितलंतं. म्हणून काय झालं? त्यात काय कमी हाय? फळासाठी हाय व्हय झाड?"

सुमन दारात उभी होती. तिने पदर खोचलेला होता, हात पिठाचे होते. ती रागावली नव्हती. फार दिवस पाठ करून ठेवलेलं बोलावं तशी ती सरळ, हळू बोलली.

"आबा, मला बी मूल व्हायचं न्हाय. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलंय. मग माझ्या घरचं पाणी तुमी कधी पिणार?"

आक्का कुंपणावरून केव्हा नाहीशा झाल्या ते कळलं नाही. कुठल्याही दुखण्यावर तोंडातल्या तोंडात औषधाचं नाव आणणाऱ्या मामांनी या खेपेला औषध शोधलं नाही. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. ओसरीशी येऊन त्यांनी वहाणा काढल्या, बादलीतलं पाणी पायांवर घेतलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला. चुलीजवळ पाट होता, त्यावर ते बसले.

"सुमे, पाणी दे."

"पिशवीतली बाटली रिकामी झाली?"

"भरल्याली हाय. तुझ्या घरचं दे."

सुमनने माठातलं पाणी तांब्यात घेतलं. हाताला पीठ होतं, ते तांब्याला लागलं. मामांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि खुणा नाही, माप नाही, गटागटा सगळा तांब्या प्यायले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं ते त्यांनी पुसलं नाही. रिकामा तांब्या मांडीवर धरून ते म्हणाले, "पाच वर्सं मी तुला चुकीचं औषध देत आलोय, पोरी. आन् कुणी मला सांगितलं बी न्हाय." मग सुमन रडली. ती रडेपर्यंत मी दारात उभा होतो. मग बाहेर आलो, कारण तिथे माझं काही काम नव्हतं. तासाभराने आत गेलो तर मामा पिठलं-भाकरी खात होते आणि सुमनला सांगत होते, की पिठल्यात मीठ जरा कमी कर, तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यांखाली सूज दिसतीया. ते पाच दिवस राहिले. एवढे दिवस ते कोल्हापुराबाहेर कधीच राहिले नव्हते. मॅडमला शेजारच्या वैनींकडे सोपवल्याचं त्यांनी चौथ्या दिवशी आठवून सांगितलं.

फाल्गुनात झाड फुटलं. आमच्या घरी पाळणा कधीच हलला नाही. त्याचं दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या पौषानंतर ते दुःख घरातल्या तीन माणसांत वाटलं गेलं आणि सुमन पुन्हा मोकळं हसू लागली. मामा दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर मंगळवार पेठेतल्या खोल्या सोडून, मॅडमच्या कुंडीसकट, आमच्याकडेच राहायला आले. लेकीच्या दारात राहतो म्हणून त्यांचे भाऊबंद पाठीमागे पुष्कळ बोलले असतील. आम्हाला मामांची जेमतेम दोन वर्षं मिळाली. एका उन्हाळ्यात, कुणाला फारसा त्रास न देता, स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून, ते गेले.

आता सुमनही थकली आहे आणि मीही. मामांचा विषय निघाला की मला मात्र त्यांचे शेवटचे दिवस आठवत नाहीत, ते नुकतेच राहायला आले होते तेव्हाचा एक बाजार आठवतो. मामा पुढे चालत होते, मी मागे पिशवी घेऊन. नेसरीकडचा एक शेतकरी वांगी विकत बसला होता. मामा वांगी निवडत होते तेव्हा त्याने त्यांना बोलतं केलं. "पावणं, गावात नवं दिसतायसा. कुणाकडं उतरलायसा?"

"उतरलोय कुठलं. ऱ्हातो मी हितं, लेकीच्या घरी."

"लेकीच्या घरी? मग नातवंडं किती म्हणायची?"

मामांनी एक वांगं उचललं, देठाशी दाबून बघितलं आणि पिशवीत टाकलं.

"न्हाईत," ते म्हणाले. "लेक हाय की."